अंगवळणी

आमच्या सोसायटीच्या येत्या रविवारच्या सभेपुढे एक ठराव आहे. फ्लॅटमागे दरमहा दीडशे रुपये जादा द्यायचे. एक खाजगी ठेकेदार रोज सकाळी दाराबाहेरची पिशवी उचलून नेईल. ओला-सुका वेगळा करायची कटकट नाही, ते 'त्यांची माणसं बघतील'. ग्रुपवर मसुदा पडल्यावर तासाभरात एकोणीस अंगठे आले. मी विरोधात मत देणार आहे. सभेत प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं मिळतात आणि माझं म्हणणं दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

वरवर पाहिलं तर हा कचऱ्याचा आणि पैशांचा हिशेब आहे. मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. माणूस चांगला होतो तो कशाने?

आपल्याकडे याचं एक तयार उत्तर आहे. चांगुलपणा मनात असतो. बायकोवर खेकसणाऱ्या, भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणाऱ्या, सिग्नल तोडून वर दुसऱ्यालाच शिवी हासडणाऱ्या माणसाबद्दलही आपण सहज म्हणून जातो, 'मनाने चांगला आहे हो तो.' म्हणजे चांगुलपणा कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखा. आत जपून ठेवलेला, रोजच्या वापरात यायलाच हवा असं नाही. मी हे मानत नाही. मनात असा वेगळा साठा नसतोच, असं माझं मत झालं आहे. आपण रोज जे करतो त्याचे थरावर थर बसत जातात आणि त्या थरांनाच पुढे लोक आपला स्वभाव म्हणू लागतात.

मराठीला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अक्षराला वळण असतं, रस्त्याला वळण असतं आणि पोराला वळण लावावं लागतं. शब्द तिन्हीकडे तोच. अक्षराचं वळण समजावून सांगून येत नाही, गिरवून गिरवूनच येतं. एखादी गोष्ट पक्की मुरली की ती 'अंगवळणी पडली' असं आपण म्हणतो. अंगाच्या वळणी, मनाच्या नव्हे. आचार, आचरण, चरित्र, चारित्र्य हे सगळे शब्द ज्या 'चर्' धातूतून निघाले त्याचा अर्थच चालणं, फिरणं असा आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं. घरं बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो, तसा न्यायाने वागता वागता न्यायी होतो. आधी मन न्यायी करून घेऊ आणि मग वागू, हा क्रम त्याला मान्य नव्हता. पुण्यातल्या टिळक तलावावर पोराला पोहायला घेऊन गेलेल्या कुठल्याही आईला हे पटेल. काठावर बसून कुणी पोहायला शिकलेलं नाही.

मला स्वतःला हे पुस्तकातून कळलं नाही. पार्किंगमध्ये कळलं.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. पर्यावरणाचा धडा वर्गात रंगवून सांगायचे. कचऱ्याचं वर्गीकरण झालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि माझ्या स्वतःच्या घरातून मात्र रोज एकच काळी पिशवी गाठ मारून बाहेर जायची. एका सकाळी लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरले, तर पार्किंगच्या कोपऱ्यात कचरा न्यायला येणाऱ्या ताई उकिडव्या बसलेल्या. समोर प्लॅस्टिकचा कागद पसरलेला. त्या एकेक पिशवी उलटी करून हातांनी चिवडत होत्या. भात, आंब्याच्या कोयी, दुधाच्या पिशव्या, कुणाच्या तरी बाळाचे डायपर. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्याजवळून रक्त येत होतं. त्यांनी ते पदराला पुसलं, प्लॅस्टिकच्या पिशवीची एक पट्टी फाडून बोटाला बांधली आणि पुन्हा हात घातला. मी म्हटलं, 'अहो, थांबा ना जरा.' त्या म्हणाल्या, 'काच होती मॅडम. लोणच्याची बरणी. कापल्याचं काय नाय, पण मसाला लई झोंबतो.'

फुटलेल्या बरणीचं झाकण तिथेच पडलं होतं. त्यावर मार्करने 'कैरी' असं लिहिलेलं. अक्षर माझं होतं.

त्या दिवशी फार लाज वाटली. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ती लाज आठ दिवसही टिकली नाही. भावना टिकत नाहीत, त्या उन्हातल्या सांडग्यांसारख्या सुकून जातात. टिकले ते दोन डबे. त्याच संध्याकाळी आणले होते, एक हिरवा आणि एक निळा. पहिला महिना नुसती चिडचिड. दुधाची पिशवी विसळून वाळत घालायची, काच कागदात गुंडाळून वर 'काच' लिहायचं, सॅनिटरी पॅडच्या पुड्यावर लाल ठिपका काढायचा. हा लाल ठिपका पुण्यातल्या कचरावेचक बायकांनीच मागितला होता, पुडा न उघडता आत काय आहे ते कळावं म्हणून. त्यात मागणी किती साधी होती, हे मला ठिपका काढायला लागल्यावर उमगलं. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी हात आपोआप थबकायला लागला. चुकीच्या डब्याकडे जायचाच नाही. आणि मग डोळे बदलले. दुकानात एखादी वस्तू घेताना तिच्यावर किती वेष्टनं आहेत ते दिसायला लागलं. ताईंचा गुडघा दुखतो, त्या जिना उतरताना कठड्याला धरतात, हे दिसायला लागलं. इतकी वर्षं त्या त्याच जिन्यावरून उतरत होत्या.

माझं मत तर आधीपासून बरोबरच होतं. त्या मताने माझ्यात काही फरक पडला नाही. हाताने काम सुरू केलं आणि कळवळा त्याच्या मागोमाग आला. आपण समजतो त्याच्या नेमका उलट क्रम.

पुण्यात मतांची कमतरता कधीच नव्हती. व्याख्यानमालांचं गाव हे. पण या गावाच्या इतिहासातल्या दोन माणसांकडे मी गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वळते आहे, कारण दोघांपुढे जवळपास एकच प्रसंग उभा राहिला होता.

१८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत म्हणून झटणाऱ्या मंडळींत रानडे अग्रभागी होते. मित्रांची साहजिकच अपेक्षा होती की आता ते स्वतः विधवेशी लग्न करतील. वडिलांनी तातडीने अकरा वर्षांची मुलगी ठरवली. रानडे एकतीस वर्षांचे होते, सरकारी हुद्द्यावर होते. पण वडिलांचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. त्यांच्या बुद्धीविषयी, तळमळीविषयी कुणालाच शंका नव्हती, आजही नाही. विचार पूर्ण तयार होता. ऐन क्षणी पाऊल मात्र जुन्या वाटेवर पडलं.

वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे याच जागी उभे होते. तेही विधुर. वक्तृत्व नाही, स्वभाव बुजरा. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडला गेल्यावर गावाने बहिष्कार घातला. आईला त्याचा जाच झाला. कर्वे परतले आणि १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला माळावर गेला. कर्वे रोज हिंगण्याहून फर्ग्युसनला कच्च्या वाटेने पायी जायचे, तास घ्यायचे आणि पायीच परत यायचे. वर्षानुवर्षं. मी राहते तो भाग म्हणजे ते हिंगणं. आज त्याला कर्वेनगर म्हणतात. तिथून फर्ग्युसनला जायला आता आम्हाला रिक्षा लागते.

हे धैर्य कर्व्यांच्या अंगी लग्नाच्या दिवशी अचानक आलं नाही. मुलगा असताना ते मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी घाट चढून पायी गेले होते आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. तसेच माघारी आले, आणि पुन्हा तयारीला लागले. बुजरा माणूस पावलं टाकत राहिला, त्या पावलांतून तो निर्भय झाला. बोलण्यातून कर्वे घडले असते तर त्यांच्याहून मोठे कर्वे या शहरात शेकड्यांनी निघाले असते.

रानड्यांबद्दल लिहिताना मात्र मला पुढचंही सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. एका चुकलेल्या पावलाने त्यांचा कायमचा निकाल लागला नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला, म्हणजे रमाबाई रानड्यांना, लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी लगेच शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांचा कडवा विरोध होता, रमाबाईंना टोमणे खावे लागत. पण धडे थांबले नाहीत. त्याच रमाबाईंनी पुढे, रानड्यांच्या पश्चात, १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि हजारो बायका त्यातून शिकून बाहेर पडल्या. एक मोठी कृती हातून निसटली आणि रोजच्या लहान कृती चालू राहिल्या. मला या दुसऱ्या गोष्टीतून धीर येतो. वळण पुन्हा लावता येतं.

आता इथे कुणीतरी मला अडवेल, आणि अडवलंच पाहिजे. सवयीने माणूस घडतो हे खरं असेल, तर वाईट सवयीनेही तो तितकाच पक्का घडतो. बरोबर. आपल्या समाजाने जगाला याचा भयंकर पुरावा दिला आहे. अस्पृश्यता कुठल्या शिबिरात शिकवली जात नव्हती. पाणी मागायला आलेल्याच्या ओंजळीत वरून, अंतर राखून पाणी ओतणाऱ्या आईकडे पोरगी बघत बसायची आणि मोठी झाल्यावर तसंच ओतायची. कप वेगळा ठेवायचा, तो कोनाड्यात पालथा घालायचा, सावली टाळायची. हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून तर प्रेमळ, देवभोळ्या, मुंगीलाही न दुखावणाऱ्या बायका ते करत होत्या आणि त्यांना त्यात क्रौर्य दिसतच नव्हतं. 'मनाने चांगल्या' होत्या त्या.

जोतिबा फुल्यांनी यावर १८६८ मध्ये जे केलं ते त्यामुळेच मला फार मोठं वाटतं. त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. लेख तर त्यांनी पुष्कळ लिहिले. पण जो हात रोज वरून पाणी ओतून बिघडला होता, त्याला दुसरं वळण लावायचं तर दुसरी रोजची कृतीच लागणार होती. आणि एवढं होऊनही शंभर वर्षं उलटल्यावर, १९७२ च्या दुष्काळात, बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर गावोगाव हिंडावं लागलं. तोवर घटना येऊन वीस वर्षं झाली होती, कायदा झाला होता, शाळांतून समतेचे धडे होते. पाणवठे वेगळेच होते. शब्द कागदावर बदलले होते, घागर घेऊन जाणारी पावलं मात्र जुन्याच वाटेने चालली होती.

सवय चांगली की वाईट, हे ओळखायची मला एकच खूण सापडली आहे. तिच्या खालच्या टोकाला उभं राहून बघायचं. पाणी ओतणाऱ्याला काही दिसत नाही, ओंजळ धरणाऱ्याला सगळं दिसतं. पिशवीला गाठ मारणाऱ्याला दिसत नाही, गाठ सोडणारीला दिसतं.

दुसरा आक्षेप सुशिक्षित मंडळींकडून हमखास येतो. दंडाच्या भीतीने किंवा नियमाच्या सक्तीने केलेली चांगली गोष्ट ही चांगुलपणा कशी? तो तर नुसता धाक. ऐकायला हे फार उंच वाटतं. पण आपण मुलांना दात घासायला शिकवतो ते कशाने? दंतशास्त्र पटवून? आधी धाक, मग सवय, मग न घासता झोपलं तर चैन पडत नाही. धाक हा उंबरठा आहे, त्यावर घर बांधायचं नसतं. पण आत जायला तो ओलांडावाच लागतो. मात्र तो रोज एकाच जागी हवा. आज आहे, उद्या नाही, अशा धाकाने दुसरंच काहीतरी अंगवळणी पडतं.

काय पडतं ते कर्वे पुतळ्याजवळ उभं राहून पाहा. परवा मी रस्ता ओलांडायला थांबले होते. एक स्कूटर उलट्या बाजूने येऊन माझ्यापाशी थांबली. बाप, आणि पुढे उभा पहिली-दुसरीतला मुलगा, पाठीवर दप्तर. बाप मान लांब करून चौकाकडे बघत होता. मुलाने त्याच्या आधीच पाहून सांगितलं, 'बाबा, मामा नाहीयेत. चला.' आणि ते गेले. त्या मुलाच्या वहीत प्रामाणिकपणावरचा सुविचार नक्की असणार. परिपाठात तो रोज प्रतिज्ञाही म्हणत असेल. शिक्षण मात्र त्याचं सकाळच्या त्या पन्नास मीटरांत चाललं होतं, आणि तो हुशार विद्यार्थी होता.

मी त्या बापाला एकट्याला दोष देणार नाही. सरळ मार्गाने जायचं तर त्याला किती पुढे जाऊन वळावं लागतं, हेही मी पाहते. योग्य वागणं जिथे महाग आणि चुकीचं वागणं फुकट, ते शहर आपल्या नागरिकांना रोज दुर्गुणाचा सराव देत असतं. थकलेल्या ई-चलानांवर लोकअदालतीत सवलत मिळते. मिळकतकराची थकबाकी साठली की दंड माफ करणारी अभय योजना येते. वेळेवर भरणाऱ्याला थोडी सूट असते हे मान्य, पण ज्याने वर्षानुवर्षं भरला नाही त्याला मिळणारी माफी बघून वेळेवर भरणाऱ्याच्या मनात काय येत असेल? तिजोरीत चार पैसे येतात, हे अधिकाऱ्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण पालिकेचा अर्थसंकल्प मांडताना या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा. या योजनेने किती माणसांना 'थांबलं की सुटतं' ही सवय लागली? ॲरिस्टॉटल म्हणायचा की कायदे करणाऱ्यांचं खरं काम नागरिकांना चांगल्या सवयी लावणं हेच आहे, आणि राज्यव्यवस्था चांगली की वाईट हे त्यावरूनच ठरतं. आपले नगरसेवक, अभियंते, अधिकारी हे सगळे या अर्थाने शिक्षक आहेत. पादचाऱ्यांसाठी सिग्नल किती सेकंद ठेवायचा हे ठरवणारा माणूस लाखभर लोकांच्या संयमाचं वळण ठरवत असतो.

शाळेबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तिथे माझी बरीच वर्षं गेली.

मूल्यशिक्षण आपण तासिकेत बसवलं. श्रमप्रतिष्ठा हे मूल्य फळ्यावर लिहायचं, त्यावर दहा ओळी, मग श्रेणी. आठवीच्या एका वर्गाला मी एका वर्षी सांगितलं की या तासाला आपण वही काढायची नाही. शेवटची दहा मिनिटं वर्ग आपण झाडायचा, आळीपाळीने, आणि पहिला आठवडा माझा. मी झाडायला लागले तेव्हा मुलं हसली, मग गप्प झाली, मग बाकं सरकवायला आली. आठ दिवसांत पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. 'फी भरतो ती पोरांनी झाडू मारायला नाही.' ही चिठ्ठी अपेक्षित होती आणि तिला उत्तर देणं सोपं होतं. पण एक आई स्वतः भेटायला आली. ती रस्ते झाडायच्या कामावर होती. गणवेशातच आली होती. म्हणाली, 'मॅडम, माझ्या सासूने झाडू मारला, मी मारते. पोरीच्या हातात तेवढा देऊ नका. त्याच्यासाठीच तिला शाळेत घातली.'

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही, कारण तिचंच बरोबर होतं. श्रमप्रतिष्ठा शिकायची ती ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी झाडू धरला नाही त्यांनी. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांना पुन्हा तोच धडा देणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि आपल्याकडे शाळांत साफसफाईला मुलं निवडताना तो कसा होतो हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. ती मुलगी वर्षभर वर्गाचा पाळ्यांचा तक्ता सांभाळत राहिली. झाडू तिने हातात घेतला नाही आणि मी कधी सुचवलं नाही. बाकीच्यांनी घेतला. दिवाळीपर्यंत एक गंमत दिसायला लागली. वर्गात कचरा होणंच कमी झालं. पेन्सिल तासून टरफलं बाकाखाली ढकलणाऱ्याला शेजारचा म्हणायचा, 'ए, आज माझी पाळी आहे.' मी त्यांना स्वच्छतेवर एक शब्दही बोलले नव्हते.

कोकणातल्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण मला त्या दिवसांत वारंवार यायची. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम करायची परवानगी मागितली. ब्राह्मणाला ते काम देता येणार नाही, म्हणून तुरुंगाने नाकारली. त्यांच्यासाठी त्या डिसेंबरात गांधीजींनी इथे येरवड्याच्या तुरुंगात उपास सुरू केला. काम टाळण्यासाठी माणसं धडपडतात. इथे एक माणूस संडास साफ करण्याचा हक्क मागत होता आणि दुसरा त्यासाठी अन्न सोडत होता. अस्पृश्यता वाईट आहे हे दोघांनाही पटलेलंच होतं. ते पटणं हातापर्यंत यायला हवं, याचा आग्रह होता.

लोक म्हणतात, माणसाची पारख संकटात होते. होते, पण तो घडतो दुसरीकडेच. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. ते धाडस त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. १८४८ पासून अंगावर शेण-चिखल झेलत रोज शाळेत जाणाऱ्या बाईचे ते पाय होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या रात्री जवान धरणावर वाळूच्या गोण्या रचत होते. त्यांच्यामुळे फुटायचं ते रात्री न फुटता दिवसा फुटलं, आणि पुण्यातले कितीतरी जीव वाचले. अंधारात, पावसात, पायाखालचा बंधारा खचत असताना एकामागून एक गोणी देत राहणं हे ऐनवेळी ठरवून होत नाही. ते आधी हजार कंटाळवाण्या सकाळी कवायतीच्या मैदानावर झालेलं असतं.

तर आता तो ठराव.

दीडशे रुपये कुणालाच जड नाहीत, मलाही नाहीत. आपण पैसे देतो, कुणाला तरी रोजगार मिळतो, यात वाईट काय, असं ग्रुपवर विचारलं गेलं आहे. रोजगार आजही मिळतोच आहे. पुण्यात कचरावेचकांची १९९३ पासून स्वतःची पंचायत आहे, २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते आहे. सुका कचरा विकून जे येतं ते त्या बायकांचं. वेगळा केलेला कचरा म्हणजे त्यांची कमाई, मिसळलेला कचरा म्हणजे जखम. आणि मिसळलेला कचरा पूर्णपणे यंत्राने वेगळा होत नाही. कुठल्या तरी शेडमध्ये, पट्ट्यापुढे, कुणाला तरी हात घालावाच लागतो. फरक इतकाच की तो हात आपल्या पार्किंगमध्ये दिसणार नाही. पुण्याचा कचरा डेपो जिथे झाला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला कचरा आपल्या डोळ्यांआड सोसला. त्यांच्या विहिरी नासल्या तेव्हा कुठे आपल्याला त्या गावांची नावं कळली. नियमाचं म्हणाल तर घरातच कचरा वेगळा करणं कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे, ते कुठल्या ठेकेदाराला दीडशे रुपयांत विकता येत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप याहूनही वेगळा आहे. आमच्या इमारतीत चव्वेचाळीस घरं आहेत. राजकारणावर, देवावर, आरक्षणावर, भाषेवर या चव्वेचाळीस घरांची चव्वेचाळीस मतं आहेत. आम्ही सगळे मिळून दिवसातून एकदा, न चुकता, अनोळखी माणसाच्या हाताचा विचार करून करतो अशी एकच गोष्ट आहे. काच गुंडाळतो. ती अर्ध्या मिनिटाची कृती काढून घेतली तर तिची जागा भरायला दुसरं काय आहे आमच्याजवळ? व्याख्यान? गणपतीतला निबंध? मला खरंच दिसत नाही.

सभेत मी नुसता विरोध करणार नाही. ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांना खाली येणं जमत नाही, त्यांचे डबे मजल्यावरच्यांनी आळीपाळीने आणावेत असं सुचवणार आहे. आणि ताईंना हातमोजे, बसायला स्टूल, कचरा वेगळा करायला शेड असलेला ओटा हे सोसायटीच्या खर्चाने द्यावं. ते आम्ही इतकी वर्षं दिलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर तिसरीतला एक मुलगा आहे. रोज शाळेला जाताना दोन छोटे डबे घेऊन तोच खाली येतो. काल त्याने मला जिन्यात थांबवलं. 'आजी, सफरचंदाची साल ओल्यात ना?' मी म्हटलं, हो. 'मग तिच्यावरचं स्टिकर?' मी उत्तर द्यायच्या आत त्याने अंगठा वर केला. स्टिकर त्याने आधीच नखाने सोलून काढलं होतं आणि खाली उतरेपर्यंत हरवू नये म्हणून अंगठ्याला चिकटवलं होतं.